प्रोस्टिग्माटा: माइट्सच्या एका मोठ्या गणगोताची ओळख

मृगाचा पहिला पाऊस नीट पडला की विदर्भ-मराठवाड्यात बांधावर, पांदणीच्या कडेला, नांगरलेल्या वावरात लालभडक मखमली जीव चालू लागतात. बोट लागले की पाय पोटाशी घेऊन निपचित पडतात आणि जरा वेळाने पुन्हा वाटेला लागतात. लोक त्यांना मृगाचा किडा म्हणतात. उत्तरेकडे तो बीरबहुटी म्हणून ओळखला जातो आणि तिथे त्याचे तेल काढून औषध म्हणून विकणारेही आहेत. संस्कृत काव्यात पावसाच्या वर्णनात येणारा इंद्रगोप तो हाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काही दिवसांत तो दिसेनासा होतो आणि पुढच्या मृगापर्यंत कुणाला त्याची आठवणही होत नाही.

तो जातो कुठे? जमिनीत. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात त्याचा एक भाऊबंद राहतो, डायनोथ्रॉम्बियम पँडोरी नावाचा. त्याच्या आयुष्यक्रमाचा अभ्यास १९६२ साली प्रसिद्ध झाला. ही मंडळी वर्षाचा जवळजवळ सगळा काळ वाळूखालच्या बिळात काढतात आणि मोठ्या पावसानंतर मोजक्या तासांपुरती वर येतात, असे त्यात दिसून आले. त्याच पावसाने पंख फुटलेली वाळवीही बाहेर पडलेली असते. तिच्यावर ताव मारायचा, जोडीदार गाठायचा आणि पुन्हा खाली. पिल्लांची तऱ्हा निराळी. अंड्यातून निघालेल्या अळीला सहाच पाय असतात. ती एखाद्या नाकतोड्याला चिकटते आणि त्याच्या अंगातला रस शोषून वाढते. लहानपणी परोपजीवी आणि मोठेपणी शिकारी, असे हे दुहेरी आयुष्य आहे.

शास्त्राच्या हिशेबात मात्र तो किडा नाही. वाढ झालेल्याला आठ पाय असतात; स्पर्शिका नाहीत, पंख नाहीत, आणि डोके, छाती, पोट असे कीटकाचे तीन भागही नाहीत. कोळी आणि विंचू ज्या अष्टपाद वर्गात मोडतात, त्याच वर्गातला तो एक माइट. वांग्या-भेंडीच्या पानामागे जाळी विणणारा लाल कोळी, तुरीचा वांझ रोग पसरवणारा डोळ्यांना न दिसणारा जीव, गवतातून माणसाला चिकटून स्क्रब टायफस देणारा चिगर, तळ्याकाठच्या टाचणी नावाच्या कीटकाच्या अंगाला लगडलेले लाल मणी, आणि तुमच्या-आमच्या नाकाच्या बाजूला केसांच्या मुळाशी मुक्काम ठोकलेला डेमोडेक्स, हे सगळे मृगाच्या किड्याचेच गणगोत आहे. त्या गणगोताला प्रोस्टिग्माटा म्हणतात. पुढच्या पानांत त्याचीच ओळख करून द्यायची आहे.

पसारा किती, हे आधी सांगितलेले बरे. २०११ साली जगातल्या ज्ञात प्राण्यांची एक मोठी मोजदाद प्रसिद्ध झाली. तीत माइट्स आणि गोचिडी मिळून सुमारे ५५ हजार जाती भरल्या. त्यांतल्या २५ हजारांहून अधिक एकट्या ट्रॉम्बिडिफॉर्मिस या गणातल्या होत्या, आणि हा गण म्हणजे थोड्या जाती वगळता सगळा प्रोस्टिग्माटाच. म्हणजे नाव मिळालेल्या माइट्सपैकी जवळपास निम्मे या एका गटात आहेत. नाव न मिळालेल्यांचा हिशेब वेगळाच. एक मिलिमीटरही न भरणारा, जमिनीत किंवा पानाच्या बेचक्यात राहणारा जीव शोधायला फारसे कुणी जात नाही, हे त्यामागचे साधे कारण.

वर्गीकरणाची कथा १७५८ पासून सुरू होते. लिनिअसने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत सगळे माइट्स आणि गोचिडी अॅकॅरस या एकाच प्रजातीत कोंबल्या. गोचीड, चीज आणि पिठातला माइट, युरोपातला मखमली माइट आणि झाडांवर जाळे करणारा लाल कोळी असे सगळे त्यात एका पंक्तीला बसले होते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळच्या भिंगांतून यापेक्षा जास्त काही दिसणे कठीणच होते. पुढे सूक्ष्मदर्शक सुधारले, तशी अंगावरची श्वसनरंध्रे दिसू लागली, आणि एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी त्यांच्या जागेवरून गट पाडायला सुरुवात केली. १८७७ मध्ये जर्मन अभ्यासक पाउल क्रामर यांनी ज्यांची रंध्रे अगदी पुढे, तोंडाच्या अवयवांजवळ उघडतात, त्यांना प्रोस्टिग्माटा हे नाव दिले.

सोय म्हणून हे चांगले होते, पण गोम अशी की या गटातल्या कितीतरी जातींना श्वसनरंध्रे मुळी नाहीतच. झाडांवर गाठी करणारे इरिओफाइड माइट श्वसननलिकांवाचून जगतात. अंग इतके इवलेसे की त्वचेतून येईल तेवढ्या हवेवर त्यांचे भागते. समुद्रातल्या माइट्सचेही तसेच. तेव्हा एका अवयवाच्या जागेवर उभा केलेला हा गट टिकणार कसा, असा प्रश्न पुढच्या पिढ्यांना पडला.

या कोड्यातली एक मोठी गाठ सोडवली ती मूळच्या खनिजशास्त्रज्ञाने. फ्रान्स्वा ग्रांजाँ हे फ्रान्समधले स्फटिकांचे अभ्यासक. द्रवस्फटिकांवरच्या त्यांच्या कामामुळे त्या शास्त्रात त्यांचे नाव आजही घेतले जाते. पुढे ते माइट्सकडे वळले आणि उरलेले दीर्घ आयुष्य त्यांनी याच कामाला वाहिले. खनिजे तपासायची ध्रुवीकृत प्रकाशाची पद्धत त्यांच्या हातात मुरलेली होती. तोच प्रकाश माइट्सवर टाकला तेव्हा त्यांना दिसले की काही माइट्सच्या अंगावरचे केस उजळून निघतात आणि काहींचे अजिबात उजळत नाहीत. उजळणाऱ्या केसांच्या गाभ्यात एक खास द्रव्य असते. १९३५ च्या सुमारास त्यांनी मांडलेल्या या निरीक्षणाने माइट्सची दोन मोठी घराणी वेगळी झाली. एका बाजूला अॅकॅरिफॉर्मिस, म्हणजे मखमली माइट, लाल कोळी, खरजेचा जीव, घरच्या धुळीतले माइट. दुसऱ्या बाजूला पॅरासिटिफॉर्मिस, म्हणजे गोचिडी, मधमाश्यांवरचा व्हरोआ, आणि लाल कोळ्यांची शिकार करणारे फायटोसीड.

एकाच पानावर शिकार आणि शिकारी दोघेही माइट असले, तरी त्यांचे नाते आपल्याला वाटते तितके जवळचे नाही. किती लांबचे, यावर अजून एकमत नाही. गेल्या काही वर्षांतल्या डीएनए अभ्यासांपैकी काहींनी या दोन शाखांना एकत्र ठेवले, तर काहींनी त्या मुळात वेगवेगळ्या असून अष्टपादांच्या निरनिराळ्या गटांशेजारी बसतात असा निष्कर्ष काढला. म्हणजे ‘माइट’ हा नैसर्गिक गट आहे की निव्वळ लहान आकारामुळे एकत्र गणलेली मंडळी आहेत, इथपासूनच वाद आहे. पाठ्यपुस्तकातल्या नेटक्या आकृत्या पाहून वर्गीकरण म्हणजे पूर्ण झालेले काम असा समज होतो. माइट्सच्या बाबतीत तो समज पहिल्या पानालाच सोडावा लागतो.

अॅकॅरिफॉर्मिसच्या आत दोन मोठे गण आहेत. सार्कोप्टिफॉर्मिस हा त्यातला एक. खरूज, धुळीची अॅलर्जी आणि जंगलातल्या पालापाचोळ्याची माती करणारे ओरिबाटिड त्याच्याकडे जातात. दुसरा ट्रॉम्बिडिफॉर्मिस, ज्याचा जवळजवळ सारा देह प्रोस्टिग्माटाने व्यापला आहे. प्रोस्टिग्माटाच्या पोटात पुन्हा तीन मुख्य शाखा धरतात. युपोडिना या शाखेत मऊ अंगाचे, थंड आणि ओलसर जागी रमणारे माइट आहेत. अंटार्क्टिकाच्या व्हिक्टोरिया लँडमध्ये दगडाखाली राहणारा स्टिरिओटायडियस याच शाखेतला, आणि समुद्रतळाशी राहणारे हॅलॅकॅरिडही परंपरेने इथेच मांडतात. अॅनिस्टिना शाखेत मखमली माइट, चिगर आणि गोड्या पाण्यातले माइट येतात. एल्युथेरेंगोना ही तिसरी शाखा, आणि शेतकऱ्याशी सर्वांत जास्त वैर तिचेच: लाल कोळी, मिरचीचा पिवळा कोळी, शिवाय डेमोडेक्स.

हे गट जुने आहेत. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या गारगोटी खडकात सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचे माइट सापडले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले स्टॅन्ली हर्स्ट यांनी १९२३ मध्ये त्यांचे वर्णन करून त्या सगळ्यांना एकच जात ठरवले. १९६२ मध्ये रशियन अभ्यासक दुबिनिन यांनी त्याच नमुन्यांच्या पाच जाती केल्या. खडक तोच, जीव तेच, फक्त पाहणारे डोळे बदलले. याच हर्स्टनी आपल्याकडच्या ज्वारीवरच्या कोळ्याला इंडिकस हे नाव दिले. एकाच माणसाच्या टेबलावर ४१ कोटी वर्षांपूर्वीचा आणि चालू हंगामातला माइट येत होता, हे वाचताना गंमत वाटते.

आता इरिओफाइडांकडे वळू. त्यांच्यावर जरा जास्त रेंगाळावे लागेल, कारण आपल्या डोळ्यांसमोर असूनही सर्वांत कमी दिसणारी हीच मंडळी आहेत.

मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर करंजाची झाडे भरपूर आहेत. त्यांच्या पानांवर बारीक बारीक फोड आलेले असतात. काही पानांवर इतके, की पान खरखरीत लागते. येणारे-जाणारे त्याला झाडाचा रोग समजतात. प्रत्येक फोड म्हणजे अॅसेरिया पाँगेमी या माइटने पानाच्या पेशींना भाग पाडून बांधून घेतलेले घर आहे. पानाच्या खालच्या बाजूला त्याचे इवले तोंड असते. ब्लेडने फोड उभा चिरून भिंगाखाली धरला, तर आतल्या लवेत फिकट, लांबट, गांडुळागत सरकणारे ठिपके दिसतात. एकेकाची लांबी मिलिमीटरच्या पाचव्या भागाच्या आसपास. पाय आठ नाहीत, चारच, आणि तेही पुढच्या टोकाला. बाकीचे अंग म्हणजे वळ्या-वळ्यांची शेपटी. कीटक, कोळी, खेकडे असे सांध्यांच्या पायांचे जेवढे प्राणी आहेत, त्यांत इतके लहान थोडेच.

पानांवर काही इरिओफाइड दाट लव उठवतात. ही लव इतकी फसवी की अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या सांध्यावरचे नामवंत बुरशीतज्ज्ञ पर्सून यांनी तिला एरिनियम नावाची बुरशी मानून रीतसर वर्गीकृत केले होते. आत माइट आहेत हे स्पष्ट झाल्यावर बुरशीच्या यादीतून ती नावे काढावी लागली. ऑस्ट्रियाचे आल्फ्रेड नालेपा यांनी पुढे शेकडो जातींची वर्णने केली, अमेरिकेत कायफर यांनी तीच परंपरा पुढे नेली, आणि भारतात हे काम पायापासून उभारले ते बंगळूरुचे जी. पी. चन्नबसवण्णा यांनी. भारतीय इरिओफाइडांवरचा त्यांचा ग्रंथ १९६६ चा. बंगळूरुचे कृषी विज्ञान विद्यापीठ आजही देशातल्या कृषी-माइट संशोधनाचे केंद्र आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने चन्नबसवण्णांनी त्या साली नाव दिलेली एक जात सर्वांत मोलाची: अॅसेरिया कजानी. तुरीच्या शेतात काही झाडे फिकट हिरवी, झुडपासारखी फोफावलेली दिसतात. पाने लहान, त्यांवर फिकट-हिरव्या रंगाचे डाग, आणि फुलाचा पत्ता नाही. शेंग धरणार कुठून? हाच तो वांझ रोग. त्याची नोंद १९३१ मध्ये बिहारमधल्या पुसा इथून झाली. माइटमुळे तो पसरतो हे १९६०च्या दशकात कळले. पण माइट नेमके काय वाहून नेतो, हे कळायला शतक संपावे लागले; तो विषाणू हाती लागला तेव्हा पहिल्या नोंदीला सत्तर वर्षे होत आली होती. विषाणू इतका अवघड आणि त्याचा वाहक इतका लहान, की दोघेही एकमेकांच्या आड लपून राहिले. माइट स्वतः पानाला फारशी इजा करत नाही, म्हणून शेतकरी त्याला शोधतही नाही. या रोगावरचा आपल्याकडचा खरा उपाय फवारणीतून आला नाही, तो बियाण्यातून आला. जालना जिल्ह्यातल्या बदनापूर संशोधन केंद्राची बीएसएमआर ७३६ ही तूर वांझ रोगाला दाद देत नाही, आणि तिच्या नावातच बदनापूर आणि हा रोग, दोन्ही आहेत.

कोकण-गोव्यात याच कुळाने दुसरा संसार मांडला. नारळावरचा इरिओफाइड कोळी १९६५ मध्ये मेक्सिकोच्या गेरेरो प्रांतातून कायफर यांनी वर्णन केला. भारतात तो १९९०च्या दशकाच्या अखेरीस केरळात उघडकीला आला आणि पश्चिम किनाऱ्याने वर सरकला. कोवळ्या फळाच्या देठाकडच्या टोपणाखाली, जिथे कोणताही फवारा नीट पोहोचत नाही, तिथे तो हजारोंनी राहतो. आधी टोपणाच्या कडेखाली पांढुरका-पिवळा त्रिकोणी डाग येतो, मग तो तपकिरी होतो, साल तडकते, डिंक येतो, आणि फळ वाढता वाढता खुरटते. लांबून लांबून तो वाऱ्यावर येतो. झाडाच्या मुळातून निंबोळीयुक्त औषध देण्याची शिफारस आली ती तो टोपणाखाली लपतो म्हणूनच. फळावर वरून औषध मारून फारसा उपयोग नाही, हे कीटकशास्त्राने नाही, या माइटच्या राहण्याच्या जागेने ठरवले.

हे कुळ प्रोस्टिग्माटात मोडते का, हाच आता वादाचा विषय आहे. इटलीतल्या डोलोमाइट पर्वतात मिळालेल्या सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीच्या राळेच्या थेंबांत इरिओफाइडांचे पूर्वज जसेच्या तसे सापडले. त्यांची वर्णने २०१२ मध्ये आली. त्या काळी फुलझाडे पृथ्वीवर आलेलीही नव्हती. म्हणजे हे जीव सूचिपर्णी झाडांवर राहत होते आणि पुढे फुलझाडे आल्यावर त्यांच्यावर पसरले. त्यानंतर २०१७-१८ मध्ये शरीररचना आणि डीएनए या दोन्ही बाजूंनी झालेल्या अभ्यासांत असे सुचवले गेले, की या चार पायांच्या मंडळींचे खरे सोयरे जमिनीत खोल राहणारे, दोऱ्यासारखे लांब असलेले नेमॅटॅलिसिड माइट आहेत, आणि ते प्रोस्टिग्माटाच्या बाहेर बसतात. हे मान्य झाले तर गटाच्या जातींचा आकडा एकदम काही हजारांनी खाली येईल. या पुस्तकात इरिओफाइड प्रोस्टिग्माटातच ठेवले आहेत, कारण शेतीविषयक सगळे साहित्य अजून त्यांना तिथेच मांडते. पण वाचकाने ती व्यवस्था तात्पुरती समजावी.

लाल कोळ्यांचे टेट्रॅनिकिडी हे कूळ तेवढे वादग्रस्त नाही. सुमारे तेराशे जाती, सगळ्या वनस्पतीभक्षी. सुईसारख्या तोंडाने पानाच्या पेशीत शिरून हरितद्रव्यासकट सगळे ओढून घेतात, म्हणून पानावर आधी पांढरे ठिपके आणि मग तांबूसपणा येतो. जाळे विणतात म्हणून त्यांना कोळी म्हणतात. पण खऱ्या कोळ्याचे सूत पोटाच्या टोकातून येते, यांचे तोंडाजवळच्या पादस्पर्शकांतून. दोन ठिपक्यांचा टेट्रॅनिकस अर्टिसी हा यांचा मुकादम. अकराशेहून जास्त वनस्पतींवर तो जगल्याच्या नोंदी आहेत. मावळातल्या पॉलिहाऊसमधल्या गुलाबापासून टोमॅटोपर्यंत त्याला सगळे चालते. उन्हाळ्यात आठवड्याभरात अंड्याचा प्रौढ होतो. मादीला नर मिळाला नाही तरी ती अंडी घालते, त्यातून फक्त नर निघतात, आणि मग त्यांच्यापासून पुढची पिढी. २०११ मध्ये त्याची जनुकसंहिता प्रसिद्ध झाली, तेव्हा जीवाणू आणि बुरशींकडून उचललेली जनुके तिच्यात आढळली. अंगाला केशरी-तांबडा रंग देणारी रंगद्रव्ये बनवायची कला त्याने बुरशीकडूनच उचलली आहे. निरनिराळी विषे निष्प्रभ करणाऱ्या जनुकांचाही भरणा आहे. नव्वदहून अधिक औषधांना दाद न दिल्याच्या त्याच्या नोंदी आहेत त्या उगाच नव्हेत.

याच ठिकाणी वर्गीकरणाचा शेतीशी थेट संबंध येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी सगळीकडे मारले गेले, तेव्हा किडी मेल्या पण लाल कोळी अचानक वाढला. त्याच्यावर जगणारे भुंगेरे आणि शिकारी माइट त्या विषाने गेले आणि तो मागे राहिला. सिंथेटिक पायरेथ्रॉइडनी पुढे हीच गोष्ट पुन्हा घडवली. पानामागे आठ पायांचा जीव असताना कीटकनाशक मारणारा शेतकरी पैसे खर्चून उपद्रव वाढवतो. गंधकासारखे साधे जुने औषध मात्र माइटवर चालते. दुकानदाराने ‘लाल किडीसाठी’ म्हणून पुढे केलेल्या बाटलीवर विश्वास ठेवण्याआधी पाय मोजलेले बरे.

मिरचीचा बोकड्या, म्हणजेच चुरडा-मुरडा, हे असेच दुसरे उदाहरण. पाने वरच्या बाजूला वाटीसारखी वळली तर बहुधा फुलकिडे. खालच्या बाजूला वळून देठ लांबले तर पिवळा कोळी, म्हणजे पॉलिफॅगोटार्सोनेमस लॅटस. शिवाय विषाणूही आहेतच. हा पिवळा कोळी टार्सोनेमिडी कुळातला, काचेसारखा फिकट. त्याच्या नराची एक रीत बघण्यासारखी आहे. मादी प्रौढ होण्याआधी निपचित अवस्थेत असताना नर तिला आपल्या अंगाच्या मागच्या टोकाला अडकवून उचलतो आणि कोवळ्या शेंड्याकडे चालू लागतो. तिने डोळे उघडले की जेवण समोर आणि नवरा पाठीशी. झाडावरून झाडावर जायचे झाल्यास पांढऱ्या माशीच्या पायाला धरून फुकट प्रवास करायचीही त्यांना सवय आहे.

प्रजननाच्या बाबतीत या गटाने काही शिल्लक ठेवलेले नाही. ब्रेव्हिपॅल्पस प्रजातीतल्या काही माइट्समध्ये सगळ्या माद्या, आणि त्यांच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच.  त्यांच्या पेशींत राहणारा एक जीवाणू नर होऊ शकणाऱ्या अंड्यांचेही माद्यांत रूपांतर करतो, असे २००१ मध्ये दिसून आले. अॅडॅक्टिलिडियम या माइटची मादी फुलकिड्याच्या एका अंड्यावर जगते. तिची पिल्ले तिच्या पोटातच अंड्यातून निघतात, आईला आतून खातात, त्यांच्यातला एकुलता नर तिथेच बहिणींशी जुगतो, आणि चार दिवसांची झालेली आई फोडून लेकी बाहेर पडतात.

मखमली माइटच्या शाखेत चिगर आहेत. त्यांचीही अळी परोपजीवी असते, पण कीटकांऐवजी उंदीर-घुशींवर, आणि वाटेत सापडला तर माणसावर. चिगर रक्त पितो हा समज चुकीचा आहे. तो त्वचेत लाळ सोडतो, पेशी विरघळवतो आणि तो द्रव ओढतो. अळी आयुष्यात एकदाच असे जेवते. म्हणून रोगाचे जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेणे तिला शक्य नाही. ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी हा जीवाणू आईकडून अंड्यांत, आणि अंड्यांतून पुढच्या अळ्यांत जातो. त्यामुळे एखाद्या माळावर उंदीर कमी केले तरी रोग लगेच हटत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आघाडीवरच्या सैन्याला स्क्रब टायफसने बेजार केले होते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याची साथ आली आणि काही जण दगावले. अंगावर, बहुधा काखेत किंवा जांघेत, एक न दुखणारी काळी खपली असते. ती वेळेवर दिसली आणि डॉक्सिसायक्लिन सुरू झाले तर रुग्ण लवकर उतारावर येतो. तापात डॉक्टरने कपडे बाजूला सारून अंग तपासावे, यासाठी यापेक्षा मोठे कारण नको.

पाण्यातले माइट याच शाखेचे, सहा हजारांहून अधिक ज्ञात जातींचे. लाल, निळे, हिरवे, अंगाने गोल. भारतातल्या जातींवर डेव्हिड कुक या अमेरिकी अभ्यासकाचा ग्रंथ १९६७ चा आहे. चतुर आणि टाचण्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या कॅमेऱ्यात त्यांच्या छातीखाली चिकटलेले लाल मणी बरेचदा येतात. ते आरेन्युरस प्रजातीच्या माइट्सची पिल्ले. चतुराची शेवटची जलअवस्था पाण्यात असतानाच ही पिल्ले तिच्याभोवती वाट पाहतात, कात टाकताना नव्या अंगावर चढतात, आणि यजमान अंडी घालायला पाण्याशी परतला की खाली उतरतात.

डेमोडेक्सबद्दल लोकांना ऐकायला आवडत नाही, पण टाळताही येत नाही. १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला तो प्रथम नोंदला गेला. केसाच्या मुळाशी डोके खाली करून राहतो, रात्री बाहेर येऊन जोडीदार शोधतो. नॉर्थ कॅरोलायनात २०१४ मध्ये डीएनएने तपासलेल्या सगळ्या प्रौढ माणसांच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस मिळाला. त्याला गुदद्वार नाही, सगळी घाण अंगात साठवून शेवटी तो चेहऱ्यावर फुटतो, ही गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली गेली. २०२२ च्या अभ्यासाने गुदद्वार आहे हे दाखवले. शिवाय त्याच्या जनुकांची इतकी काटछाट झाली आहे की तो परोपजीवीपेक्षा सहवासी होण्याच्या वाटेवर आहे.

एवढे वैविध्य असून आपल्याकडे माइट्सचा अभ्यास बहुतांशी पिकांच्या नुकसानीपुरताच झाला. सह्याद्रीतल्या ओढ्यांचे, देवरायांतल्या पाचोळ्याचे, कोकणच्या वाळूचे प्रोस्टिग्माटा हा विषय त्या मानाने रिकामा पडला आहे. हे काम फक्त विद्यापीठांचे नाही.

वाचकाने सुरुवातीला दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक वही घ्यावी. करंजाचे फोड आलेले पान, मिरचीचा वळलेला शेंडा, वांग्याच्या पानाची मागची बाजू तपासावी. पाने वाळवून कागदात ठेवावीत. सुटे माइट ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेवावेत. चिठ्ठीवर झाडाचे नाव, गाव आणि तारीख पेन्सिलीने लिहावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये पसरते. झाडाचे नाव नसेल तर इरिओफाइड ओळखणे तज्ज्ञालाही जवळजवळ अशक्य होते. पावसाळ्यात गवतात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, आणि नंतर ताप आला तर डॉक्टरला गवतात गेल्याचे आधी सांगावे.